वीज कडाडली की पाऊस नसतानाही पर्जन्यमापक आकडा का दाखवतो?

इंदुरात गच्चीवर बसवलेलं हवामान केंद्र विजा चमकल्या की कोरड्यातच पाऊस नोंदवतं, असं तुम्ही विचारलंय. यंत्र बिघडलेलं नसावं, दोष बहुतेक वायरीत आहे.

पर्जन्यमापकात सी-सॉसारखी दोन छोटी पात्रं असतात. एक भरून कलंडलं की चुंबक रीड स्विचजवळून जातो, स्विच क्षणभर जुळतो (हा एक ठोका) आणि यंत्र बहुधा ०.२ मिमी पाऊस मोजतं. जवळपास वीज पडली की तिचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत हजारो अँपिअरवर जातो. लांब वायर तो झटका अँटेनासारखा पकडते आणि यंत्राला वाटतं, पात्र कलंडलं. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्यांनाही रीड स्विच असेल तर खोटी झुळूक दिसते.

माझ्याकडे लोकमान्यनगरात हेच झालं. पडद्यावर १.४ मिमी, म्हणजे सात ठोके. विजा थांबल्यावर वर जाऊन पाहिलं तर नरसाळ्यात धूळ, त्यावर कोळ्याचं जाळं, तेही कोरडं!

वायर शक्य तितकी आखूड ठेवा. पिळाची, शील्ड (वर धातूचं आवरण) असलेली घ्या आणि शील्ड एकाच टोकाला अर्थिंगला जोडा. खरा ठोका मिलिसेकंदांचा असतो, विजेचा त्याहून कितीतरी छोटा, म्हणून इनपुटवर रेझिस्टर-कपॅसिटरचा साधा फिल्टर लावला की फरक पडतो. मला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला.

तापमानाचं एखादंच रीडिंग उडालं तर सोडून द्या. वादळानंतर ते कायमच चुकीचं येत राहिलं, तर मात्र सेन्सर बहुधा जळालाय, बदला.