टाचणवहीचा समास

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाई, रोज तयारीला किती वेळ द्यायचा?" गॅसवर कुकर होता, म्हणून मी उडवाउडवी केली. आता निवांत लिहिते.

आधी कायद्याचा हिशेब. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय, आणि पाठाची तयारी त्यातच मोजलीय. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं, म्हणजे दिवसाला ४ तास. सहा दिवसांचे झाले २४. तयारीला उरले २१! हसू आलं ना? खिचडीच्या तांदळाचा साठा, ऑनलाइन माहिती, 'आजच पाठवा' असे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, मतदारयादीचं काम... त्या एकविसांचं काय होतं ते तुला आता कळलंच असेल.

शिवाय तुझी शाळा द्विशिक्षकी. तिसरी-चौथी एकाच खोलीत, प्रत्येकीचे चार विषय, म्हणजे रोज आठ पाठ. प्रत्येकाला तासभर द्यायचा म्हटलं तर झोपायचं कधी? तेव्हा सगळ्याला सारखा वेळ देऊच नकोस. उद्या नवं काही सुरू होणार असेल तो एकच पाठ धर आणि त्याला अर्धा-पाऊण तास दे. बाकीच्यांना पाच-पाच मिनिटं पुरतात.

त्या अर्ध्या तासात काय करायचं, ते मला फार उशिरा समजलं. पहिल्या वर्षी मी पानंच्या पानं टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, काढायची. डी.एड.ची सवय. हेतू, साहित्य, प्रस्तावना, सगळं लाल-निळ्या शाईत. चौथीचा भागाकार होता, ६१८ भागिले ६. टाचणात मी लिहिलेलं, 'अपेक्षित उत्तर : १०३'. अर्ध्या वर्गाने सांगितलं १३. आता ह्याला काय म्हणायचं, हे टाचणात नव्हतंच! "मध्ये शून्य लिहायचं असतं," म्हणून मी पुढे सरकले. दुसऱ्या दिवशी ८२४ भागिले ४ दिलं, तर उत्तर आलं २६.

त्या रात्री टाचण बाजूला ठेवून जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या नोटा कापल्या. वीस मिनिटं लागली असतील. सकाळी सहा पोरं पुढे उभी केली. शंभराच्या सहा नोटा, दहाची एक, रुपयाची आठ नाणी, वाटा म्हटलं. शंभराची एकेक मिळाली. दहाची मात्र एकच आणि हात सहा. फाडता येईना, म्हणून ती कुणालाच नाही. दशकाच्या घरात लिहायचं शून्य म्हणजे हेच 'कुणालाच नाही'. मग नोट मोडली, दहाचे सुटे आणि आधीचे आठ मिळून अठरा, प्रत्येकी तीन. त्यानंतर गणित मांडायच्या आधीच मी विचारायला लागले, "प्रत्येकाला शंभराच्या वर मिळणार की खाली?" हा प्रश्न पडला की १३ लिहिणारी पोरं आपणच थांबतात.

तेव्हापासून टाचणवहीच्या समासात मी चुकीची उत्तरं लिहू लागले. उद्या मुलं कुठे अडखळतील, आणि तिथे आपल्या हातात काय असेल? माझी तयारी एवढीच. कुठे अडखळतील ते बसल्या जागी सुचत नाही, आजच्या वह्यांत दिसतं. म्हणून शाळा सुटल्यावर दहा-बारा वह्या चाळायच्या, तोही तयारीचाच वेळ धर.

आणि हो, दोन वर्ग एकत्र असताना ज्या वर्गाला शिकवत नसतेस, त्याची तयारी आधी कर! चौथीचा भागाकार चालू असताना तिसरीला वीस मिनिटं पुरेल असं काम हवं, नाहीतर तुझ्या नोटा त्यांच्या गोंगाटात बुडाल्याच.

नमुन्यातलं टाचणही काढत जा. केंद्रप्रमुख बघतात, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त ते काढून झालं की तयारी झाली, असं समजू नकोस.

पहिलं वर्ष जड जाईल. पुढच्या वर्षी तोच पाठ आला की समास वाचायला दहा मिनिटं पुरतील, नोटा तर कापलेल्याच असतील. माझ्या अजून माळ्यावरच्या डब्यात आहेत. कडा मळल्यात, पण चालतील. दिवाळीच्या सुट्टीत आलीस की घेऊन जा. येताना तुझी वही आण, समासात काय साठलंय ते बघू.

तुझ्या,
बाई