गाडीचं विचारा : रोजच्या स्पोर्ट्स कारला ब्रेक पॅड कुठले?

प्रश्न : काका, नमस्कार. गेल्या वर्षी मी पुण्याहून सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड-४ घेतली. रोज जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी जाते-येते, मधूनअधून आईला घेऊन तुळजापूरला. आता पुढचे पॅड संपल्याचा दिवा लागलाय. ऑफिसातली मुलं म्हणतात, सोलापूरचं ऊन ४४ डिग्री, गाडी एवढी पळणारी, तर रेसिंगचेच पॅड घाल. मेकॅनिक म्हणतो सिरॅमिक घाला. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, रेसिंगचे पॅड घालू नका. तुमच्या वापराला ते धोक्याचे आहेत.

आधी उन्हाचं बोलू. ४४ डिग्री आपल्याला भाजून काढतात, पण पॅडच्या हिशेबात ते काहीच नाही. गावात साधी गाडी चालवताना डिस्क, म्हणजे पॅड जिला धरतात ती चाकाबरोबर फिरणारी चकती, सहज शंभरच्या पुढे जाते. तुळजापूरचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरलात तर तीनशेच्या घरात जाऊ शकते. रेसिंगचं पॅड त्याहून वरच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. तवा तापल्याशिवाय भाकरी टाकत नाहीत, तसं ते पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाही. ट्रॅकवरचा ड्रायव्हर पहिल्या फेरीत मुद्दाम ब्रेक मारून ते तापवून घेतो. तुम्ही कुठे तापवणार?

तुमची सकाळ बघा. पुणे हायवेला लागलात, वेग ८०-९०, बराच वेळ ब्रेकला पाय लागलेला नाही, त्यामुळे डिस्क गार. कारखान्यांचा हंगाम चालू आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, बाजूच्या रस्त्यावरून सरळ हायवेवर चढतो. तिथे जो ब्रेक मारायचा तो गार पॅडवर मारायचा असतो, आणि पहिल्याच दाबाला गाडी धरली पाहिजे. पॅड निवडताना मी तोच ब्रेक डोळ्यांसमोर ठेवतो. घाटाचा विचार त्यानंतर.

म्हणून माझं मत : कंपनीचे, नाहीतर त्याच दर्जाचे लो-मेटॅलिक, म्हणजे थोडा धातू मिसळलेले, पॅड घाला. गार असताना चांगले धरतात आणि घाटातही दम सोडत नाहीत. चाकांवर काळी पूड बसते, ती आठवड्याला धुवायची. सिरॅमिक पॅड वाईट नसतात. आवाज कमी, पूड कमी, डिस्कही जास्त टिकते, पण बऱ्याच सिरॅमिक पॅडचा पहिला दाब थोडा मऊ लागतो. तुमच्या गाडीचा वेग पाहता मी पूड पत्करेन.

पॅडच्या कडेवर नंबर छापलेला असतो, त्याच्या शेवटी बहुधा दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं साधारण तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक (पकडीचा आकडा) ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. तुम्हाला दोन्हीकडे किमान एफ हवं. ही अक्षरं टिकाऊपणाबद्दल काही सांगत नाहीत, हेही लक्षात ठेवा. युरोपातल्या आर-९० नियमाचा शिक्का असेल तर उत्तम, कारण त्या पॅडची पकड मूळ पॅडच्या जवळपास असल्याचं तपासलेलं असतं. बिलाशिवाय पॅड घेऊ नका. खोक्यावर मोठं नाव आणि पॅडच्या कडेला एक अक्षर छापलेलं नाही, असा माल दिसला तर परत करा.

आता मेकॅनिकसमोर उभं राहून एक गोष्ट बघायचीच. जुने पॅड निघाले की आतलं आणि बाहेरचं शेजारी ठेवायला सांगा. एकात २ मिलिमीटर मटेरियल उरलंय आणि दुसऱ्यात ७, असं दिसलं तर दोष पॅडचा नाही. पॅड डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर, तो ज्या पिनेवर सरकतो ती अडकतेय. पिनेवरचा रबरी बूट चिरला की आपली काळ्या मातीची धूळ आत जाते, ग्रीसमध्ये कालवली जाते आणि त्याचा घट्ट चिखल होतो. मग कॅलिपर सरकत नाही, एकच पॅड घासत राहतं. पिना बाहेर काढून पुसायच्या, बूट नवे, आणि ग्रीस ब्रेकसाठीचंच सिलिकॉनचं. बेअरिंगचं ग्रीस रबर फुगवतं. एवढं न करता महागडे पॅड घातले तर पैसे पाण्यात.

डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. ती मोजून घ्या, कमी भरली तर डिस्क बदला. लेथवर घासून आणखी पातळ करू नका. पॅड डावे-उजवे एकदमच बदलायचे. दिवा लागलाय म्हणजे पॅडच्या सेन्सरची तार घासली गेली आहे, सेन्सर नवाच लागेल.

ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर याच वेळी बदला. डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाटात ऑइल उकळलं की पाइपात वाफ धरते आणि पेडल तळाला जातं. म्हणून तुळजापूरहून उतरताना गिअर खालचा ठेवा, इंजिनाला गाडी धरू द्या.

नवे पॅड बसवल्यावर पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ६० वरून १५-२० पर्यंत बेताच्या ब्रेकने वेग कमी करा. पूर्ण थांबू नका. असं आठ-दहा वेळा. नंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता गार होऊ द्या.

प्रश्न : कॅलिपर गळून एका बाजूच्या पॅडला ब्रेक ऑइल लागलंय. पॅड अजून जाड आहेत. पेट्रोलने धुऊन, स्टोव्हवर भाजून वापरले तर?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : वापरू नका. पॅडचं मटेरियल सच्छिद्र असतं, ऑइल आत मुरतं आणि ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. भाजल्याने मटेरियल बांधून ठेवणारं रेझिन जळतं, मग पॅडचे तुकडे पडू शकतात. एका बाजूची पकड कमी झाली की जोराच्या ब्रेकला गाडी दुसऱ्या बाजूला ओढली जाते. आधी कॅलिपरचं सील बदलून गळती थांबवा, डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा आणि दोन्ही बाजूंचे पॅड नवे घाला. पेट्रोल कॅलिपरजवळ नेऊच नका, त्याने रबरी सील खराब होतात.