कॉल कट करताना आमचं चॅट-कॉलिंग ॲप क्रॅश होतं आणि लॉक लावले की गोठतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की क्रॅश कॉल संपतानाच होतो, वीस-पंचवीस कॉलमागे एकदा होतो आणि डीबगर (दोष शोधायचं साधन) जोडला की होतच नाही. म्हणून जागोजागी म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे लॉक, लावले, क्रॅश कमी झाले, पण आता ॲप मधूनच गोठतं. अशाच एका ॲपच्या सी प्लस प्लसमधल्या कॉलिंगच्या भागावर मी बराच काळ काम केलंय आणि नेमका याच चक्रात अडकलो होतो. म्हणून आधी एकच विनंती: आता आणखी एकही लॉक लावू नका.

कॉल चालू असताना किती थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे वेगवेगळे धागे) जागे असतात ते मोजा. वेबआरटीसी या कॉलिंगच्या लायब्ररीचेच तीन: सिग्नलिंग, वर्कर आणि नेटवर्क. शिवाय स्क्रीन सांभाळणारा मेन थ्रेड, माइक-स्पीकरचा ऑडिओ थ्रेड, चॅटच्या सॉकेटचा, डेटाबेसचा. तुमच्या कॉल ऑब्जेक्टला (मेमरीत एका कॉलची माहिती ठेवणाऱ्या घटकाला) यातले बहुतेक सगळे हात लावतात. दोघांनी एकाच वेळी लिहू नये एवढं लॉक बघतो. ऑब्जेक्ट नष्ट कोणी करायचा आणि कधी, हे तो ठरवत नाही. वापरणाऱ्याने लाल बटण दाबलं, मेन थ्रेडने ऑब्जेक्ट डिलीट केला आणि त्याच क्षणी समोरच्यानेही फोन ठेवल्याचा निरोप घेऊन दुसरा थ्रेड त्याच पॉइंटरवर (ऑब्जेक्टच्या मेमरीतल्या पत्त्यावर) येऊन धडकला, की क्रॅश. तुमचा म्युटेक्स तर त्या ऑब्जेक्टच्या पोटातच आहे. घर पाडलं तेव्हा दाराचं कुलूपही त्याच्याबरोबर गेलं.

गोठण्याचं कारण बहुधा असं असेल: मेन थ्रेड तुमचा लॉक धरून पीअर कनेक्शन (समोरच्या फोनशी असलेली जोडणी) बंद करायला सांगतो. ते काम सिग्नलिंग थ्रेडवर होतं आणि पूर्ण होईपर्यंत मेन थ्रेड थांबून राहतो. इकडे सिग्नलिंग थ्रेड तुमच्याच कॉलबॅकमध्ये (काही घडलं की लायब्ररी बोलावते त्या तुमच्या फंक्शनमध्ये) तोच लॉक मिळायची वाट बघत उभा. दोघंही हलत नाहीत. अँड्रॉइडवर स्पर्शाला 5 सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही की 'ॲप प्रतिसाद देत नाही' असा फलक येतो, तो यातूनच. लॉक हातात असताना दुसऱ्याच्या कोडमध्ये शिरायचं नाही, हा नियम तेव्हापासून मी कधी मोडलेला नाही.

आम्हाला शेवटी उपयोगी पडलं ते मालकी ठरवणं. कॉलची सगळी स्थिती एकाच थ्रेडच्या ताब्यात द्या. बाकीच्यांनी ती वाचायचीही नाही, फक्त त्याच्या रांगेत निरोप टाकायचा. निरोपात पॉइंटर नको, कॉलचा आयडी द्या. मालक थ्रेड तो आयडी शोधेल. कॉल संपलेला असेल तर लॉगमध्ये नोंद करून निरोप टाकून देईल. 'चालू' आणि 'संपला' यांच्यामध्ये 'संपत आहे' ही वेगळी अवस्था ठेवा. म्हणजे दोघांनी एकदम फोन ठेवला तरी दुसरा निरोप निरुपद्रवी ठरतो. मोडायचा क्रमही ठरवून ठेवा: आधी माइक आणि कॅमेरा थांबवा, मग पीअर कनेक्शन बंद करा, स्वतःचे थ्रेड संपेपर्यंत थांबा आणि मगच मेमरी सोडा. हे सगळं वेबआरटीसीच्या कॉलबॅकमधून कधीच करू नका, तिथून फक्त निरोप टाका.

वीक पॉइंटर (ऑब्जेक्टला जिवंत न ठेवणारा संदर्भ) वापरा असं अनेक जण सुचवतील. वापरा, पण त्यातला एक खड्डा मला फार महागात पडला. कॉलबॅक वीक पॉइंटरचा तात्पुरता शेअर्ड पॉइंटर (जिवंत ठेवणारा संदर्भ) करतो, तेवढ्यात बाकी सगळे आपापला संदर्भ सोडतात आणि शेवटचा मालक तो नेटवर्क थ्रेडच उरतो. मग डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारं फंक्शन) त्याच थ्रेडवर चालतो. आमच्या डिस्ट्रक्टरमध्ये नेटवर्क थ्रेडला जॉइन करायची (तो संपेपर्यंत थांबायची) ओळ होती, म्हणजे थ्रेड स्वतःच्याच संपण्याची वाट बघू लागला! सी प्लस प्लसची लायब्ररी अशा वेळी सिस्टिम एरर फेकते आणि डिस्ट्रक्टरमधून फेकलेला एरर थेट प्रोग्रामच संपवतो. तो एक क्रॅश शोधण्यात माझे कित्येक दिवस गेले.

ऑडिओ थ्रेडचे नियम आणखी कडक. ओपस या आवाज लहान करून पाठवणाऱ्या पद्धतीचं एक पाकीट सहसा 20 मिलिसेकंदांचं असतं, 48,000 हर्ट्झला 960 नमुने. त्या वेळात काम उरकलं नाही की आवाज तुटतो. तिथे लॉक नको, मेमरी मागणं नको, फाइलमध्ये लॉग लिहिणंही नको. कमी प्राधान्याच्या थ्रेडकडे लॉक अडकला, तर मधल्या प्राधान्याची कामं पुढे निघून जातात आणि सर्वांत महत्त्वाचा थ्रेड ताटकळतो. 1997 साली मंगळावर पाथफाइंडर यान याच दोषामुळे वारंवार रीसेट होत होतं. एक लिहिणारा आणि एक वाचणारा असेल तर लॉकशिवाय चालणारा रिंग बफर (गोल फिरत पुन्हा पुन्हा वापरायची ठरावीक जागा) पुरतो.

चॅटचा भाग त्यामानाने सोपा आहे. प्रत्येक संदेशाचा आयडी पाठवणाऱ्या फोनवरच तयार करा, म्हणजे नेटवर्क तुटून जुळल्यावर तोच संदेश दोनदा दिसणार नाही. एस्क्यूलाइट हा फोनमधला डेटाबेस एका वेळी एकालाच लिहू देतो, म्हणून लिहिण्याचं काम एकाच थ्रेडकडे ठेवा.

आता दोष पकडायचा कसा. डीबगरमुळे आणि लॉगमुळे थ्रेडचं वेळेचं गणित बदलतं, म्हणून तो लपतो. थ्रेडसॅनिटायझर (थ्रेडमधली भांडणं शोधणारं साधन) लावून ॲपचा वेगळा बिल्ड करा. ॲप साधारण 5 ते 15 पट मंदावेल, मेमरीही 5 ते 10 पट लागेल, पण कुठले दोन थ्रेड एकाच जागेवर भांडताहेत ते ओळीसकट कळेल. ॲड्रेससॅनिटायझर (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) त्याच बिल्डमध्ये चालत नाही, त्यासाठी दुसरा बिल्ड करा. आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहा: कॉल लावायचा आणि पहिल्या अर्ध्या सेकंदात कुठल्याही क्षणी तोडायचा, रात्रभर.

उद्या सकाळी बसाल तेव्हा कॉल क्लासच्या प्रत्येक फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'मी मालक थ्रेडवर आहे का' हे तपासणारं ॲसर्शन (अट खोटी ठरली की प्रोग्राम थांबवणारी ओळ) टाका. ते जिथे जिथे फुटेल तीच तुमची कामाची यादी. त्यानंतरही ॲप गोठलं तर त्या क्षणाचे सगळ्या थ्रेडचे स्टॅक ट्रेस (थ्रेड कुठल्या फंक्शनमध्ये अडकलाय याची यादी) प्रश्नात जोडा, मी बघतो. फक्त मेन थ्रेडचा देऊ नका, त्याला अडवून ठेवणारा दुसराच असतो.