छोट्या गॅस टर्बाइनवर पीएचडी करायला जर्मनीला यावं का?

तुमचा प्रश्न वाचला. पुण्यात टर्बोचार्जरच्या डिझाइनमध्ये पाच-सहा वर्षं काढलीत, एम.टेक. झालंय, छोट्या गॅस टर्बाइन इंजिनांवर जर्मनीत पीएचडी करायचीय, बायकोची तयारी आहे, मुलगी दुसरीत आहे, यावं का, आणि तिथे एकटेपणा येतो का? ताई म्हटलंत, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मीही पुण्याहून याच विषयासाठी म्युनिकजवळ आले, तेव्हा माझी मुलगीही दुसरीतच होती. व्हिसा, विमा, पगाराची श्रेणी हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलंय, ते इथे उगाळत नाही.

आधी कामाचं. टर्बोचार्जरची माहिती हे तुमचं मोठं भांडवल आहे: एकाच शाफ्टवर हवा दाबणारा कंप्रेसर आणि गरम वायूवर फिरणारी टर्बाइन, छोट्या इंजिनातही तेच. कुर्ट श्रेकलिंग या जर्मन हौशी माणसाने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जे छोटं जेट इंजिन चालवून दाखवलं, त्याचा कंप्रेसर लाकडाचा होता, वरून कार्बन फायबर गुंडाळलेला. पुढे लोकांनी टर्बोचार्जरची तयार चाकं वापरायला सुरुवात केली आणि हे क्षेत्र झपाट्याने वाढलं. अडचणी आकारातून येतात. पात्याच्या टोकाचा वेग मोठ्या इंजिनाच्या तोडीचा लागतो, म्हणून ६६ मिलिमीटरचं चाक मिनिटाला १,१०,००० फेऱ्यांनी फिरवावं लागतं. टोकाला सेकंदाला ३८० मीटर वेग येतो. चाक लहान केलं म्हणून पातं आणि केसिंग यांच्यातली फट त्या मानाने लहान होत नाही. बाहेरच्या कडेला पात्याची उंची ५ मिलिमीटर असेल आणि फट ०.२ ठेवलीत, तरी उंचीचे ४ टक्के फटीतच गेले. शिवाय टर्बाइनची उष्णता शाफ्टमधून, केसिंगमधून कंप्रेसरकडे येते आणि कागदावरची कार्यक्षमता खोटी पाडते.

मला हे सगळं फार आवडतं. माझे बाबा किर्लोस्करवाडीला पंपांच्या कारखान्यात होते, इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, घरात बोलण्यातला विषय होता. पहिल्यांदा स्वतः बॅलन्स केलेला रोटर चाचणीकक्षात लावला, प्रोपेनवर पेटवला, मग हळूहळू रॉकेलवर घेतला, आणि फेरे चढत गेले तसा आवाज शिट्टीच्याही वर गेला. थांबवल्यावर लगेच हात काढायचा नाही: स्टार्टरने रोटर फिरवत ठेवून थंड हवा ओढायची, नाहीतर साठलेली उष्णता बेअरिंगवर येते. बेअरिंगमध्ये सिरॅमिकच्या गोळ्या, वंगण म्हणून इंधनातच मिसळलेलं सुमारे ५ टक्के तेल. त्या संध्याकाळी मी बाबांना फोनवर फक्त आवाज ऐकवला होता.

आता जे कुणी तुम्हाला आधी सांगणार नाही ते. हे इंजिन खेळण्यातल्या विमानात बसतं, तसंच ड्रोनमध्ये आणि क्रूझ क्षेपणास्त्रातही बसतं. त्यामुळे ठरावीक क्षमतेवरची छोटी टर्बोजेट इंजिनं क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेच्या (एमटीसीआर, अशा तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणारा देशांचा गट) यादीत आहेत. भारत २०१६ च्या जूनमध्ये या व्यवस्थेचा सदस्य झाला, पण प्रयोगशाळेच्या दारात तुमचा पासपोर्ट तरीही बघतात. अमेरिकेत तर गॅस टर्बाइनच्या गरम भागाचं नियंत्रित तंत्रज्ञान तिथेच बसलेल्या परदेशी माणसाला दाखवणं हीसुद्धा निर्यात धरतात. इथे, एका कंपनीच्या पैशावर चाललेल्या प्रकल्पात माझ्याकडे कंप्रेसर होता. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला टर्बाइन, आणि तिची फाइल मला बंद. तापमानाचे आकडे मिळायचे, पात्याची भूमिती नाही. माझ्यानंतर आलेला, माझ्याकडूनच काम शिकलेला मुलगा ती फाइल उघडायचा. अजून सलतं.

यावर उपाय म्हणजे इथलं नागरिकत्व. जून २०२४ पासून जर्मनी मूळ नागरिकत्व सोडायला लावत नाही. भारत मात्र दुसरं घेतलं की आपलं काढून घेतो. अर्ज भरून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. त्या सहीने जी फाइल उघडेल ती कदाचित क्षेपणास्त्राची असेल, आणि तेही कुठल्यातरी दुसऱ्या देशाच्या, हा विचार आला की ड्रॉवर बंद करते. बेंगळुरूला जीटीआरईने (संरक्षण खात्याची गॅस टर्बाइन संशोधन संस्था) माणिक नावाचं छोटं टर्बोफॅन विकसित केलं. तिथल्या भरतीच्या जाहिराती मी अजून वाचते. वयोमर्यादा केव्हाच ओलांडली, तरी वाचते.

कागदपत्रांचं एकच सांगते, बायकोसाठी. तिची पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असेल, तर लग्नाच्या दाखल्याचं प्रमाणित जर्मन भाषांतर पहिल्याच दिवशी हातात हवं. माझ्या दोन नावांची बाई एकच आहे हे पटवण्यात एका कार्यालयात इतका काळ गेला की प्रयोगशाळेचा करार संपत आला होता.

शाळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. इथे चौथीतच मुलांची वाटणी होते. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तरच मूल थेट गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जातं. १ म्हणजे सर्वोत्तम. माझ्या मुलीला ३, २, ३ मिळाले. गणितातला २ हासुद्धा शाब्दिक उदाहरणांमुळे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने स्वतःच ८ भागिले ३ केलं, २.६६ लिहिलं आणि शाळेत शिकवतात तशा उत्तराखाली पट्टीने दोन रेघा मारल्या. बाई म्हणाल्या, रेआलशूलमध्ये (दहावीपर्यंतची मधल्या पातळीची शाळा) ती खूश राहील. पुढे फाखओबरशूलमधून (दहावीनंतरची शाळा) उच्च शिक्षणाची वाट असते, आणि ती त्याच वाटेने निघालीय, मजेत आहे. मीच त्या दोन रेघांपाशी अडकलेय.

म्हणून बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग बघा. तिथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, तुमच्या मुलीला दोन वर्षं जास्त मिळतील. टेउ बर्लिन (तिथलं तांत्रिक विद्यापीठ) आहे, कोटबुसचं तांत्रिक विद्यापीठ आहे, रोल्स-रॉइसचं केंद्र डालेविट्झला आहे. विषय तिथेही होतो. आणि घरात जर्मन आधी मुलीचं सुरू करा, तुमचं मागून होईल.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. मराठी मंडळी गणपती बसवतात, तिथे जा. एकटेपणामुळे परत गेलेलं मी कुणी पाहिलं नाही. करार संपला म्हणून गेलेले पाहिलेत.

प्राध्यापकांना पहिल्याच मुलाखतीत विचारा: पैसा कुणाचा, संपूर्ण इंजिनाची भूमिती मला दिसेल का, प्रबंध खुला छापता येईल का. यातल्या कशालाही ‘नंतर पाहू’ असं उत्तर आलं, तर ती जागा सोडा. आणि जर्मनीच्या अर्जांबरोबर एक अर्ज बेंगळुरूलाही टाका, तुमचं वय अजून बसतंय.