बेव्हरेजवर सिग्नल कमी येतोय? आधी नॉइज किती घटला ते बघा

तुम्ही लिहिलंय की बेव्हरेजसाठी, म्हणजे जमिनीलगत लांब वायर ताणून केलेल्या ऐकण्याच्या अँटेनासाठी, 160 मीटर वायर दोन मीटर उंचीवर ताणली, लांबच्या टोकाला 470 ओहमचा रेझिस्टर लावला, रिसीव्हरच्या टोकाला 9:1 ट्रान्सफॉर्मर टाकला, एसडब्ल्यूआर (टोकाकडून किती परत फिरतं त्याचं माप) अख्ख्या बँडभर सपाट, तरी 1.8 मेगाहर्ट्झला व्हर्टिकलपेक्षा (उभ्या अँटेनापेक्षा) सिग्नल दोन एस-युनिट (रिसीव्हरच्या एस-मीटरवरचे अंश) कमी. म्हणजे अँटेना फसला का? बहुतेक नाही, तो असाच वागतो.

जमिनीवरून जाणाऱ्या लाटेचा पाय जमिनीतल्या लॉसमुळे मागं ओढला जातो आणि ती पुढं थोडी कलते, त्या कलण्यामुळं वायरच्या दिशेनं थोडंसं फील्ड मिळतं आणि लाट पुढं सरकते तसतसा वायरमध्ये करंट साठत जातो, रिसीव्हरच्या टोकाला तो भरपूर झालेला असतो. मागून आलेल्या लाटेचंही तेच होतं, फक्त तो करंट रेझिस्टरमध्ये जाऊन जिरतो. म्हणून दिशा मिळते ती रेझिस्टरच्या बाजूची. चांगल्या कंडक्टिव्ह जमिनीवर, खाऱ्या पाण्यावर तर आणखीच, हा खेळ जमत नाही कारण तिथं लाट कलतच नाही. 1921 च्या डिसेंबरात पॉल गॉडली या अमेरिकन हौशी रेडिओवाल्यानं स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसनला अशीच लांब वायर टाकून अमेरिकेतल्या हौशी लोकांचे सिग्नल पकडले होते.

गेन, म्हणजे सिग्नल पकडण्याची ताकद, या अँटेनात मुळातच कमी, आयसोट्रॉपिकच्या (सगळ्या दिशांनी सारखंच ऐकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या) 10 डीबी (डेसिबेल) किंवा जास्तच खाली. फायदा सगळा नॉइज कमी होण्यात आहे. त्यामुळं एस-मीटर बघू नका, एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) बंद करा, ऑडिओ कॉम्प्युटरमध्ये घेऊन स्टेशन असताना आणि नसताना लेव्हल किती डीबी ते लिहा, मग व्हर्टिकलवर तेच करा. स्विच पटापट मारा, फेडिंगमुळं एका मिनिटात चित्र पालटतं, आणि एकदा नाही, निदान वीस-पंचवीस वेळा करा. असताना-नसतानाचं अंतर बेव्हरेजवर तीन-चार डीबी जास्त आलं तरी मी खूष होतो, कारण नॉइजमध्ये बुडालेला कॉल तेवढ्यावर वाचता येतो.

आणि सपाट एसडब्ल्यूआरवर फार विसंबू नका! तो एवढंच सांगतो की टोकाकडून परावर्तन होत नाहीये. दोन मीटर उंच, दोन मिलिमीटर जाड वायरचा इम्पीडन्स (रेडिओ करंटला होणारा अडथळा) 500 ओहमच्या आसपास येतो, त्यात अर्थ रॉडचा रेझिस्टन्सही धरायचा, म्हणून तुमचा 470 ठीकच आहे. वायरवाउंड (तार गुंडाळलेला) रेझिस्टर मात्र लावू नका, त्याला इंडक्टन्स असतो.

खरी परीक्षा मागच्या बाजूनं. तिकडचं एखादं मीडियम वेव्ह स्टेशन दुपारी ऐका, मग कुणाला तरी टोकाला पाठवून रेझिस्टर सोडवा. सिग्नल चांगलाच वाढायला हवा. माझ्याकडं एकदा काहीच फरक पडला नाही, जाऊन बघतो तर वादळात रेझिस्टर आतून ओपन झालेला, बाहेरून एकदम ठणठणीत, आणि मी कित्येक आठवडे दोन्ही दिशांनी ऐकत बसलो होतो. तेव्हापासून प्रत्येक गडगडाटानंतर मी मल्टीमीटर घेऊन टोकापर्यंत चालत जातो.