विधानसभेला नवा चेहरा उभा आहे. माणूस कसा आणि त्याची भूमिका काय, हे कसं कळणार?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे विधानसभेला नवा उमेदवार उभा आहे, चौकाचौकात 'भावी आमदार' असे फ्लेक्स लागलेत, पण तो आला कुठून आणि पाणी, रस्ते, दवाखाना याबद्दल त्याचं म्हणणं काय, हे कुठेच सापडत नाही. सापडतं. थोडं बसून वाचावं लागतं आणि एकदा सभेत उभं राहून विचारावं लागतं. २०१४ पासून प्रत्येक विधानसभेला मी आमच्या तालुक्यातल्या उमेदवारांची शपथपत्रं वाचत आलेय, म्हणून सांगते.

उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ चं शपथपत्र द्यावंच लागतं, त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांची माहिती असते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि 'नो युवर कँडिडेट' ॲपवर त्याची स्कॅन केलेली प्रत असते. 'मायनेता' या खासगी संकेतस्थळावर गोषवारा मिळतो, पण तुम्ही मूळ प्रतच वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ही माहिती मिळण्याचा हक्क आपल्याला मिळालाय. शपथपत्रात खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गुन्ह्यांच्या रकान्यात नुसता आकडा बघून मत बनवू नका, कलमं बघा. भारतीय दंड संहितेची १४३ (बेकायदा जमाव), १८८ (सरकारी आदेश मोडणं), ३४१ (वाट अडवणं) आणि सोबत महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १३५ असं दिसलं, तर बहुतेक वेळा तो माणूस कुठल्यातरी रास्ता रोकोत किंवा मोर्च्यात होता. पाण्यासाठी रस्त्यावर बसलेल्याच्या नावावर असे पाच-सहा गुन्हे सहज असतात, आणि मला ते दोष वाटत नाहीत. ४२० (फसवणूक) किंवा ४०९ (विश्वासाने सोपवलेल्या पैशांचा अपहार) दिसलं तर मात्र थांबा. ४०९ असेल आणि माणूस पतसंस्थेचा संचालक राहिलेला असेल, तर त्या पतसंस्थेच्या दोन-चार ठेवीदारांना जाऊन भेटा. (१ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची नवी कलमं लागतात, ४२० च्या जागी आता ३१८ दिसेल.) न्यायालयाने दोषारोप निश्चित केलेत का, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

लोक ज्यावरून पटकन पुढे जातात तो रकाना म्हणजे सरकारी ठेक्यांचा. उमेदवार, बायको किंवा नवरा, अवलंबून असलेली माणसं, त्यांच्या भागीदारीतल्या फर्म, यांची सरकारशी झालेली कंत्राटं तिथे द्यावी लागतात. घरातल्याच फर्मकडे रस्त्यांची कामं असतील, तर खड्ड्यांवरचं त्याचं भाषण ऐकताना ते पान डोळ्यासमोर असू द्या. शपथपत्रात न येणारीही एक गोष्ट आहे. तुमचा तालुका उसाचा असेल आणि उमेदवार कारखान्याचा अध्यक्ष असेल, तर कारखान्याने थकवलेली एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, शपथपत्रात दिसणार नाही. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत असा नियम आहे. ते मिळाले का, हे तुमच्या गावातला ऊस उत्पादकच सांगेल.

आता भूमिका. आधी काम कुणाचं ते बघा. गावाला जाणारा ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाकडे. जे राज्याकडे आहे त्यावर आमदाराला विधानसभेत तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) टाकता येतो, लक्षवेधी सूचना मांडून तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधता येतं, अर्थसंकल्पात तरतूद मागता येते. उमेदवाराला हा फरक माहीत आहे का, एवढ्यावरूनही पुष्कळ कळतं. पाण्याबद्दल एकच विचारा: जलजीवन मिशनच्या टाक्या उभ्या राहिल्या, पण उद्भव, म्हणजे पाणी जिथून घेतात ती विहीर किंवा तलाव, कोणता आणि मार्चनंतर त्यात पाणी असतं का?

हे मी का सांगते? २०१६ च्या पावसाळ्यात माझ्या बाळंतपणात सिझर करायची वेळ आली. आमच्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं, शस्त्रक्रियागृह होतं, टेबल होतं, दिवे होते. भूलतज्ज्ञ नव्हता. रात्री दोन वाजता १०८ मध्ये घालून मला जिल्ह्याच्या गावी नेलं. सासूबाई सगळी वाट माझा हात धरून बसल्या होत्या. मुलगी सुखरूप झाली, पण तो रस्ता मी विसरलेले नाही.

२०१९ ला कोपरा सभांमध्ये मी दोन उमेदवारांना एकच विचारलं: "दादा, आपल्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ कधी येणार?" एक म्हणाले, "ताई, १०० खाटांचं रुग्णालय आणतो की!" टाळ्या पडल्या. दुसऱ्यांनी मलाच उलट विचारलं, "ताई, पद मंजूर आहे का? आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, असेल तर भरतीसाठी मागे लागू. नसेल तर आधी वित्त विभागाची मंजुरी काढावी लागेल, त्याला वर्ष जाईल." टाळ्या नाहीत. त्यांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं आणि चौथ्या दिवशी त्यांच्या कार्यकर्त्याचा फोन आला, पद मंजूर आहे, रिकामं आहे. मत मी त्यांना दिलं. ते पडले.

तुमचा उमेदवार नवा आहे म्हणजे विधिमंडळाच्या संकेतस्थळावर त्याचे प्रश्न सापडणार नाहीत. मग तो पंचायत समितीत, नगरपालिकेत, बाजार समितीत होता का ते काढा आणि तिथल्या सभांचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. १० रुपयांचा अर्ज आहे. मात्र उत्तराला ३० दिवसांपर्यंत वेळ लागतो, म्हणून प्रचार संपायची वाट बघू नका. २०२२ पासून बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले होते. त्या काळात सदस्य नव्हते, सभा नव्हत्या, आणि तरीही काही जण गावाची अडलेली कामं घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे खेटे घालत होते. तुमचा उमेदवार त्यांत होता का, हे ग्रामसेवकाला आणि आशाताईंना विचारा.

सभेला जाण्याआधी तुमच्या रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटून कोणती पदं रिकामी आहेत ते कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद हातात धरूनच प्रश्न विचारा.