कलापथकात नवीन आलायस तर

रेकॉर्डिंग ऐकून चाल बसेल, पण शाहिरी कळायला समोर बसावं लागतं. ११ एप्रिलला, फुले जयंतीला, पुण्यात गंज पेठेत फुले वाड्यावर ये, आधी नुसतं ऐकायला. शाहीर कडव्याच्या मधेच थांबतो, पुढ्यातल्या आजीशी बोलतो, कालच्या बातमीवर जागच्या जागी ओळ रचतो, मग डफावर थाप पडते. तेच गाणं ऐकायला लोक पुन्हा पुन्हा येतात ते यासाठी. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं १९४४ चं लाल बावटा कलापथक कामगार वस्त्यांत गायलं. तिथे शब्द पोचणं महत्त्वाचं. माझ्या मते सूर जरा हलला तर चालेल, शब्द गिळू नकोस. सुरुवात झीलकरी, म्हणजे शाहिरामागे सूर धरणारा साथीदार, म्हणून कर. ‘जी जी’ धरताना शाहिराकडे बघ, वहीकडे नको.